फोनवर "ताप किती?" विचारून भागत नाही : सेप्सिस, घरची म्हातारी माणसं आणि आपण

लष्करकर (धागाकर्ता)

मंडळी, १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो. (सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनशी लढता लढता शरीराचे अवयवच निकामी व्हायला लागणं.) गणपतीच्या आगेमागेच येतो, म्हणून या वेळी आमच्या मंडळात आरतीआधीचा अर्धा तास मी मागून घेतलाय. दरवर्षी त्या वेळात कोणीतरी मधुमेहावर बोलतं आणि लोक प्रसादाची वाट बघत बसतात. मला स्लाइडा दाखवायच्या नाहीत. फ्रिजवर चिकटवता येईल असा एकच कागद वाटायचाय. त्यात काय असावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नसावं, यावर इथे आधी भांडून घेऊ.

माझं म्हणणं असं. ग्वाल्हेरच्या बऱ्याच मराठी घरांत आता दोघंच उरलीत, मुलं पुणे-बंगलोर-नोएडाला. फोनवरची आपली प्रश्नपत्रिका ठरलेली: जेवलात का, गोळी घेतली का, ताप किती. "अठ्ठ्याण्णव" ऐकलं की आपण निर्धास्त.

आमच्या वाड्यातल्या एका काकांचं उदाहरण. सत्तरी ओलांडलेली, शुगर जुनी. लघवीला जळजळ होत होती, पण बायकोलाही सांगितलं नाही. मग एका सकाळी ते कधीच वारलेल्या भावासाठी चहा टाकायला सांगू लागले. मुलाने फोनवर ताप विचारला, काकूंनी सत्त्याण्णव सांगितला, मुलगा म्हणाला, "रात्री झोप झाली नसेल, पडू दे." शेजारच्या सूनबाईंनी हात धरला तर गार, आणि सकाळपासून काका बाथरूमला उठलेलेच नव्हते. तिने रिक्षा बोलावली. ज्या ठिकाणी आधी नेलं तिथे बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं, बीपीसुद्धा बघितलं नाही (नाव विचारू नका, सांगणार नाही). तिथून हलवलं. दुसरीकडे आयसीयूत गेले आणि घरी परतले.

हाच सेप्सिस, आणि या सगळ्यात ताप कुठेच नव्हता. जगात २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४.८९ कोटी रुग्ण आणि १.१ कोटी मृत्यू, म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक, असा अंदाज २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. आणि आपल्याकडे हार्ट अटॅकला छातीत कळ येते हे शाळकरी पोरालाही ठाऊक, याचं मात्र एक लक्षण विचारा कोणाला.

---

गोठवाली_काकू

लष्करकर, धागा छान. पण तुमच्या फ्रिजवरच्या कागदाचं एक सांगते. म्हातारी माणसं लघवीचं सांगत नाहीत म्हणजे नाहीत. आमच्या ह्यांना डॉक्टरसमोरसुद्धा "पोट जरा जड आहे" यापुढे शब्द फुटत नाही. बायकांचं तर विचारूच नका, सुनेला सांगायची लाज. आणि मुलगी फोनवर असली की "मी मस्त आहे गं, तू तुझं बघ". मुलांनी कितीही हुशारीने प्रश्न विचारले तरी उत्तर खोटंच येणार, हे धरून चाला.

---

आयसीयू_रात्रपाळी

काकूंशी शंभर टक्के सहमत. मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं आयसीयू बघतो. म्हणूनच पेशंटला काय होतंय यापेक्षा तो कसा दिसतोय याला जास्त भाव द्यावा लागतो.

थोडं खोलात लिहितो. इन्फेक्शन कुठलंही असो, न्यूमोनिया, लघवी, पित्ताशय, पायाची जखम. त्याच्याशी लढताना शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद बेताल होतो आणि अवयव निकामी व्हायला लागतात, तो सेप्सिस. २०१६ मध्ये व्याख्या नव्याने केली तेव्हा भर याच गोष्टीवर दिला. रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरतात, बीपी उतरतं. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. मेंदू, किडनी, आतडी यांना पुरेसं रक्त मिळेनासं होतं. त्यामुळे बडबड आणि लघवी न होणं ही काही किरकोळ लक्षणं नव्हेत, मेंदू आणि किडनी आपल्याला हाका मारताहेत.

त्या व्याख्येत ताप नाही. वय झालं की तापाची भट्टी पेटतच नाही अनेकदा. उलट अंग ३६ सेल्सिअसच्या खाली जाऊ शकतं, आणि ते वाईट लक्षण. संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असेल, चार-चार तासांनी पॅरासिटामॉल पोटात जात असेल, तर थर्मामीटर तुम्हाला काही सांगणार नाही.

नाडीचंही तसंच. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी हवी तशी वाढत नाही. घरच्या मशीनवर ११०/७० आलं की लोक खूश. अहो, ज्याचं रोजचं १६० आहे त्याचं ११० म्हणजे नॉर्मल नाही, ते पडलेलं बीपी आहे. रोजचा आकडा माहीत नसेल तर आजच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत प्रामाणिकपणे वाढतो तो श्वास. रक्तात आम्ल साठतं, ते बाहेर टाकायला फुप्फुसं धावतात. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. आरामात पडलेल्या माणसाचा २२ च्या वर गेला तर मी खुर्ची ओढून शेजारी बसतो. आणि हीच गोष्ट कोणी मोजत नाही. केसपेपरवर सगळ्यांचा १८ असतो, वॉर्डातल्या पंख्याचाही बहुतेक १८.

---

मोरारची_सिस्टर

सर, "सगळ्यांचा १८" यावर हसू आलं, पण खरंय 😄

घरी मोजायचं असेल तर एक युक्ती. "श्वास मोजते" म्हटलं की माणूस लगेच ऐटीत श्वास घ्यायला लागतो. मी नाडी बघते असं सांगून मनगट धरते, हात त्यांच्याच पोटावर ठेवते. मनगटाकडे बघायचंच नाही, हात वरखाली होतो तेवढं मोजायचं. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाच्या चुकीचे चार होतात.

आणखी एक, पैसे न लागणारं. बोटाचं नख पाच सेकंद घट्ट दाबून सोडायचं. पांढरं झालेलं परत गुलाबी व्हायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर रक्त बोटापर्यंत नीट पोचत नाहीये. ग्वाल्हेरच्या जानेवारीत मात्र आधी हात चोळून गरम करा, नाहीतर अख्खं कुटुंब भर्ती करावं लागेल. गुडघ्यांवर निळसर-जांभळी जाळी दिसली तर मोजत बसू नका, निघा.

ऑक्सिमीटरचा भरवसा बेताचाच ठेवा. बोटं गार असली की तो भलतंच दाखवतो, आणि सावळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा येऊ शकतो. ९५ दिसलं म्हणून सगळं आलबेल असं नाही.

---

पुण्यातून_बघतोय

मग आमच्यासारख्यांनी फोनवर नेमकं करायचं काय? आई थाटीपुरला एकटी आहे. सकाळी कामवाली येते तेवढीच सोबत.

---

आयसीयू_रात्रपाळी

व्हिडिओ कॉल करा. एक लांब वाक्य बोलायला लावा, "काल भाजीवाल्याशी काय झालं ते सांग" असलं काहीतरी. एका दमात वाक्य पुरं होतंय का बघा. मध्येच श्वासाला थांबतेय, शब्द अडखळताहेत, वार चुकतोय, रोज तुम्हाला रागावणारी आई आज गप्प आहे, हे तुम्हाला जेवढं कळेल तेवढं मला कळणार नाही. मी तिला पहिल्यांदाच बघणार.

मग कामवालीला फोन द्यायला सांगा. आईला जे विचारता येत नाही ते त्यांना विचारा: सकाळपासून बाथरूमला गेल्या का, हातपाय गार आहेत का, थरथर होती का. तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे का? नसेल तर आत्ताच घ्या.

---

दालबाजार_केमिस्ट

जरा उलट बाजूने लिहितो, राग मानू नका.

तुम्ही लोकांना "उशीर झाला तर जीव जातो" एवढंच सांगितलंत तर त्यांची पहिली धाव माझ्या काउंटरवर येईल. आजच येते. "भैया, वो पावरवाली एंटिबायोटिक दे दो." सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं सांभाळायची. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक चार दुकानं पुढे जातं. तुमच्या कागदाने ही रांग वाढू नये एवढीच विनंती. आणि गावाकडच्या झोलाछापांचं (डिग्री नसलेल्या डॉक्टरांचं) काय? ते बॉटल चढवतात, त्यात डेक्सा (स्टेरॉइड) टाकतात, ताप उतरतो, पेशंट उठून बसतो, त्यांचं नाव होतं. दोन दिवसांनी तोच पेशंट ट्रॉलीवर.

---

आयसीयू_रात्रपाळी

केमिस्टसाहेब, या धाग्यावरचा सगळ्यांत कामाचा प्रतिसाद तुमचा.

लोकांच्या डोक्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. शॉकमध्ये गेलेल्या (म्हणजे बीपी इतकं पडलेल्या की अवयवांना रक्त पुरत नाही अशा) पेशंटला शिरेतून अँटिबायोटिक द्यायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी करतो, असं २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तो आकडा जगभर फिरला. पण तो शॉकमधल्या पेशंटचा आहे, प्रत्येक तापाचा नव्हे. म्हणून २०२१ च्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन'च्या मार्गदर्शनात फरक केलाय: शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर तासाच्या आत, नुसती शंका असेल आणि बीपी टिकून असेल तर आधी भराभर तपासा, तीन तासांपर्यंत मुभा आहे. कारण डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, नुसतं डिहायड्रेशन, सगळीच येताना सारखी दिसतात.

घरी स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या घेतल्याने सेप्सिस थांबत नाही. उलट ब्लड कल्चरमध्ये जंतू उगवत नाही, आणि कोणता जंतू, कोणतं औषध चालेल हे कायमचं गुलदस्त्यात. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं ते यासाठी. म्हणून कागदावर औषधाचं नावसुद्धा नको.

शिवाय बरेचदा औषध हा अर्धाच इलाज असतो. किडनीचा स्टोन अडकून मागे पू भरलाय, पित्ताची नळी तुंबलीय, शुगरच्या पेशंटच्या पायात आतपर्यंत पू आहे. तिथे वाट मोकळी केल्याशिवाय महागातलं महाग इंजेक्शन वाया. "इन्फेक्शन नेमकं कुठे आहे आणि ते काढावं लागेल का?" हा प्रश्न नातेवाइकांनी पहिल्या दिवशीच विचारावा.

स्क्रबचं नाव निघालंच आहे तर: पावसाळा आणि त्यानंतरचे महिने, ताप उतरत नाही, तेव्हा कपडे काढून नीट बघा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही. डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे. ते सुचायला मात्र हवं.

---

स्पष्ट_बोलतो

हे सगळं ठीक. पण बाहेर काय चाललंय? साधा ताप घेऊन जा, "सेप्सिस हो सकता है" म्हणतात आणि आयसीयूत टाकतात. चार दिवसांत घर गहाण. तुम्ही लोकांच्या हातात भीतीचा कागद देताय आणि बिल बनवणाऱ्यांना आयतं गिऱ्हाईक.

---

आयसीयू_रात्रपाळी

तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण उपाय "जाऊच नका" हा नसून "विचारा" हा आहे. लॅक्टेट (अवयवांना रक्त पुरतंय का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केलं का, किती आलं? (२ च्या वर असेल तर विषय गंभीर.) कल्चर पाठवलं का? क्रिएटिनिन, प्लेटलेट, बिलिरुबिन कालपेक्षा कसे आहेत? लघवी तासाला किती मिली? कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत आला की अँटिबायोटिक कमी करणार का? ज्याने खरोखर सेप्सिस म्हणून भर्ती केलंय त्याच्याकडे याची उत्तरं तयार असतात. गोलगोल बोलला तर तुम्हाला काय समजायचं ते समजा.

खर्चाचं: सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आपल्या लोकांना "ते आपल्यासाठी नाही" असं उगीच वाटतं. कार्ड आजारी पडायच्या आधी काढायचं असतं.

---

नवी_आई_सिटीसेंटर

थोडं विषयांतर. बाळ तीन आठवड्यांचं आहे. आजी म्हणते बाळ झोपतंय ते चांगलंच, उठवू नको. मला हा धागा वाचून धडकी भरली.

---

मोरारची_सिस्टर

धडकी भरू देऊ नकोस गं, पण आजींचं हे एक ऐकू नकोस. विषयांतर अजिबात नाही, या आजारात पाच वर्षांखालची मुलं फार मोठ्या संख्येने असतात. तान्ह्या बाळाला ताप येईलच असं नाही. नीट ओढणारं बाळ दूध ओढेनासं झालं, टिचक्या मारल्याशिवाय हलत नाही, अंग गार लागतंय, रडणं कण्हल्यासारखं, छाती आत ओढली जातेय, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. दोन महिने झाले की श्वासाची ती मर्यादा ५० होते, वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत ४०.

आणि नाळेला काही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, राख तर नाहीच. बाळाला घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी मोरीकडे पाठव. वाईटपणा येऊ दे. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांनाच क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू धडाधड खाली आले, तरी लोक त्याच्यावर नाराजच झाले होते.

---

लीड्सवाली_ग्वाल्हेरी

इकडची एक गोष्ट सांगते, कारण ती डॉक्टरांच्या नाही तर आईवडिलांच्या बाजूची आहे. मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला मार बसला, हॉस्पिटलात असतानाच सेप्सिस झाला आणि २०२१ मध्ये गेली. आई सांगत होती की लेक बिघडतेय, तिला थोपवून ठेवलं गेलं. वेळेत आयसीयूत हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती असं चौकशीत निघालं. मग आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०२४ पासून इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत 'मार्थाज रूल' आला: घरच्यांना वाटलं की पेशंट बिघडतोय आणि कोणी ऐकत नाही, तर ते थेट दुसऱ्या क्रिटिकल केअर टीमला बोलावू शकतात. चोवीस तास.

आपल्याकडे तसा नियम नाही. पण आपल्याकडे मोठ्या डॉक्टरसमोर बोलायचंच नाही हा जो संस्कार आहे, तो निदान मंडळात मोडायला हरकत नाही. "साहेब, हा सेप्सिस असू शकतो का?" एवढं वाक्य लोकांकडून म्हणवून घ्या. हिंदीतही घ्या, रात्री कॅज्युअल्टीत मराठी चालणार नाही.

---

लष्करकर (धागाकर्ता)

वा, कागद जवळपास तयार झाला. आत्तापर्यंतचं असं लिहिलंय, बघा:

"कालपर्यंत बरा असलेला माणूस आज वेगळा वाटतोय. बोलणं असंबद्ध किंवा जड. हुडहुडी भरून थरथर. बसल्या जागी धाप. अख्ख्या दिवसात लघवी नाही. त्वचा गार, डागाळलेली, निळसर. 'मी आता वाचत नाही' असं स्वतःच म्हणतोय. इन्फेक्शनची शंका आणि यातलं एकही असेल, तर ताप असो वा नसो, १०८ ला फोन. आयसीयू आहे अशाच ठिकाणी न्यायचं. पोचल्यावर विचारायचं: सेप्सिस तर नाही?"

मागच्या बाजूला कोऱ्या जागा: रोजचं बीपी, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, शुगर आहे का, प्लीहा काढली आहे का. डॉक्टरसाहेब, "वाचत नाही" हे वाक्य ठेवू का? मंडळाचे अध्यक्ष अशुभ म्हणताहेत.

---

आयसीयू_रात्रपाळी

ठेवा. ब्रिटनमधल्या जनजागृतीच्या यादीतही ते आहे, आणि माझ्याकडे असं म्हणणाऱ्या पेशंटला मी कधी हसण्यावारी नेत नाही. अध्यक्षांना माझा नंबर द्या.

---

गोठवाली_काकू

अक्षर मोठं ठेवा. आणि कागद फ्रिजवर नको, फ्रिजवर आधीच दूधवाला, गॅसवाला आणि सत्यनारायणाचं आमंत्रण आहे. औषधांच्या डब्याच्या झाकणात आतून चिकटवायला सांगा.

---

जिवाजीगंज_७४

उशिरा वाचतोय. पत्नी सेप्सिसमधून वाचली, न्यूमोनियातून झाला होता. घरी येऊन बराच काळ लोटला तरी जिना चढताना बसते. केस मूठमूठभर गळले. रात्री दचकून उठते, म्हणते आयसीयूत छतावर माणसं चालत होती. किराण्याचा हिशेब जी तोंडी करायची तिला आता चार आकडे जुळत नाहीत. नातेवाईक म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचं आहे. हे नॉर्मल आहे का?

---

आयसीयू_रात्रपाळी

काका, मनाचे खेळ नाहीत. सेप्सिसनंतर हे पुष्कळांना होतं: स्नायू झिजतात, लक्ष लागत नाही, आयसीयूतले भास आठवणी होऊन राहतात. केस सहसा परत येतात. ताकदीला महिने लागतात, कधी जास्त. फिजिओथेरपी सुरू नसेल तर सुरू करा, रोज थोडी, दमवून नाही. जेवणात डाळ, अंडं, पनीर जे चालतं ते वाढवा. किडनीला त्रास झाला असेल तर आधी विचारून. भास टिकून असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला लाजू नका. आयसीयूत त्यांना काय काय झालं होतं ते तुम्ही शेजारी बसून क्रमाने सांगा, अनेकांना त्याने बरं वाटतं; त्यांच्या डोक्यात ते दिवस तुकड्या-तुकड्यांत आहेत.

आणि पहिले काही महिने परत इन्फेक्शन व्हायचा धोका जास्त असतो. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतली आहे का ते डिस्चार्ज पेपरवर बघा, नसेल तर पुढच्या भेटीत मागा. पुन्हा ताप किंवा धाप आली तर दारात पाऊल ठेवताच सांगा की यांना आधी सेप्सिस झालाय. ते पेपर बरोबर ठेवा, फोटो काढून मुलांच्या फोनवरही पाठवून ठेवा.

---

जिवाजीगंज_७४

न्यूमोनियाची लस दिल्याचं पेपरात दिसत नाही. सोमवारी दाखवायचं आहे, तेव्हा विचारतो. फिजिओथेरपीला घरी येणारं कोणी माधवगंज भागात माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करावा.